आपल्या कुत्र्याचं चित्र

आई,

मला अजून दिसतं, तू चुलीपुढे बसून पोळ्या करते आहेस आणि मी शाळेतून आल्या आल्या, निळ्या स्कर्टमध्येच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आहे. माझ्या पायाशी, पण उंबऱ्याच्या बरोबर बाहेर, आपला कुत्रा. उंबऱ्याची ती रेघ त्याला माहीत होती. पुढचे पंजे रेघेला लावून तो तव्याकडे बघत बसायचा. बाबांनी त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते तुझ्या तोंडात कधी बसलं नाही. तू त्याला ‘बुवा’ म्हणायचीस. सगळ्यांच्या पोळ्या झाल्या की परातीत एक गोळा उरलेला असायचा आणि तू म्हणायचीस, “उरली कणीक, आता काय करू, टाकू?” बाबा आतल्या खोलीतून म्हणायचे, “रोज बरी उरते तुझी कणीक. अंदाज चुकून राहिला वाटते तुझा.” ती शेवटची पोळी तू हवेत धरून गार करायचीस, चार तुकडे करायचीस आणि त्याच्याकडे न बघता टाकायचीस. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की लगेच, “काहून वं, लावला हात? धू आधी. कॉन्व्हेंटात हेच शिकवतात काय?”

मी आता कुत्र्यांची चित्रं काढते. तुला हसू येईल. नोकरी संपवून नागपुरात परत आल्यावर जलरंग पुन्हा हातात घेतले. शेजारणीचा म्हातारा कुत्रा गेला तेव्हा तिच्या मोबाइलमधल्या फोटोवरून एक चित्र काढून दिलं, आणि तिच्याकडे येणाऱ्या जाणाऱ्यांनी ते बघून मला गाठलं. बहुतेक लोक कुत्रा गेल्यावरच येतात. फोटोत फ्लॅशमुळे डोळे हिरवे आलेले असतात, अर्धा कान कोणाच्या तरी हाताखाली गेलेला असतो, मग मी विचारते, कान कसा होता, बसताना मान कुठे वळायची. लोक सांगता सांगता थांबतात. मी पाण्याचा ग्लास पुढे करते. शाळेत चित्रकलेच्या सिस्टर म्हणायच्या की जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, जिथे उजेड हवा तिथला कागद कोरा ठेवायचा. डोळ्यातला उजेडाचा ठिपका एकदा रंगाखाली गेला की परत येत नाही. मे महिन्यात आपल्या नागपुरात रंग ब्रशवरून कागदावर जाईपर्यंत वाळतो आणि कडा उमटतात, म्हणून मी कूलरच्या ओल्या हवेत कागद ठेवून काम करते. कपाळापासून सुरुवात करते, डोळे शेवटी. गेल्या वर्षापासून उजवा हात थोडा कापतो. धंतोलीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, आणि ‘बारीक काम कमी करा’ म्हणून सांगितलं आहे. डोळ्यातला ठिपका सोडणं हे बारीकच काम आहे. त्यामुळे आता मोजकीच चित्रं उरली, हे मला कळलेलं आहे.

चैत्रात एक गृहस्थ आले. हिंगण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सकाळची पाळी संपवून मोटरसायकलवर थेट आलेले, हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले. फोटो दाखवला. काळा, पांढऱ्या छातीचा, साधा गल्लीतला कुत्रा. मी नेहमीप्रमाणे विचारलं, कधी गेला?

“पंधरा दिवस झाले मॅडम. पोरीचा होता तो. तिनंच उचलून आणला होता नालीतून, सातवीत होती तेव्हा.”

“मग तिलाच विचारू या ना, कान कसे होते ते.”

ते हेल्मेटची पट्टी ओढत राहिले. “पोरीले सांगतलं नाही अजून. हैदराबादले असते. सातवा चालू आहे तिले. पुढच्या महिन्यात येऊन राहिली बाळंतपणाले. रोज व्हिडिओ कॉल करते, म्हणते, बाबा, दाखवा न त्याले. मी म्हणतो, आताच बाहेर गेला फिरायले. काल म्हणे, बाबा, एवढा कसा फिरून राहिला उन्हात? आता तुम्ही चित्र काढून द्या. ती आली की हातात देतो आणि मग सांगतो.”

आई, मी त्यांना पाणी दिलं की नाही हे मला आठवत नाही. मला आपलं फाटक दिसत होतं.

बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात मी सासरहून, रायपूरहून आले, ती दुपार. सायकलरिक्षा थांबली, बाबांनी ट्रंक उतरवली, मी फाटकाची कडी मुद्दाम जोरात वाजवली आणि कोणी धावत आलं नाही. तू दारात भाकरतुकडा घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, तो कुठे आहे? तू म्हणालीस, “आधी उभी राहा, ओवाळू दे.” मी पुन्हा विचारलं. तू माझ्यावरून तुकडा ओवाळून टाकलास, पायांवर पाणी घातलंस आणि मग खालीच बघत म्हणालीस, “गेला वं तो. पोळ्याच्या सणालाच गेला.” आणि तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. चार महिने. चार महिने तुझी पत्रं येत होती आणि प्रत्येकात लिहिलेलं असायचं, बुवा मजेत आहेत.

मी काय बोलले ते तुझ्याइतकंच मला पाठ आहे. आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. “तूच हाकललंस त्याला. तुला तो कधीच नको होता. घर सोवळं पाहिजे होतं ना तुला? झालं आता सोवळं.” बाबा म्हणाले, “अगं, ऐक तरी,” आणि तू त्यांच्याकडे नुसतं पाहिलंस. ते ट्रंक उचलून आत गेले. तू मला म्हणालीस, “हात धू. ताट वाढते.” त्या दिवशी भरली वांगी होती, माझ्यासाठी केलेली. मी जेवले नाही. पुढचे चार-पाच महिने मी तुझ्या हातचं खाल्लं, तुझ्याकडून डोक्याला तेल घालून घेतलं, तुझ्या मांडीवर माझ्या मुलीला न्हाऊ घातलं गेलं, आणि या सगळ्यात मी ते वाक्य मागे घेतलं नाही. तूही विषय काढला नाहीस. मी समजून चालले की तुझ्याकडे बोलायला काही नाही.

तुझा तेरावा झाल्यावर बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेले. ते एकदम म्हणाले, “त्याचे मागचे पाय गेले होते. तुझ्या आईनं त्याले आत घेतलं होतं, माहीत आहे काय तुले?” मी म्हटलं, आत म्हणजे? “आत म्हणजे आत. चुलीजवळ. अकरा दिवस. त्याले ओलांडून ओलांडून स्वयंपाक केला तिनं. चमच्यानं पेज पाजे. गांधीबागेतून जाड कापडाचा तुकडा आणला आणि गादी शिवून राहिली. मले म्हणे, पायपुसणं शिवते. मी म्हटलं, एवढं मोठं पायपुसणं? तर म्हणे, पाय काय लहान आहेत काय तुमचे?” बाबा हसले आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी विचारलं, मला का नाही सांगितलं तेव्हा? “शपथ घातली होती तिनं. आधी म्हणे पोटुशी आहे. मग म्हणे ओली बाळंतीण आहे. मग तू परत गेली. मग राहूनच गेलं.”

रायपूरला परतल्यावर मी तुझी पत्रं काढली. ती अंतर्देशीय पत्रं मी दोऱ्यात बांधून ठेवली होती. तो होता तेव्हा तू एवढंच लिहायचीस, बुवा बरे आहेत. आणि पोळ्यानंतरच्या चार पत्रांत तू त्याच्याबद्दल ओळीच्या ओळी लिहिल्या आहेस. बुवांनी बाबांची चप्पल पळवली. बुवा पोस्टमनवर भुंकले, मी रागावले तर तोंड पाडून बसले. काल थंडी होती म्हणून तुझ्या कॉटखाली झोपले, मी काही बोलले नाही. कणीक उरली याहून मोठं खोटं कधी न बोललेली तू, आणि हे सगळं रचून लिहीत होतीस. मला वाटायचं, तू हे माझ्यासाठी लिहिलंस. आता माझ्या हाताखालून इतके कुत्रे गेल्यावर वाटतं, त्यातलं निम्मं तू स्वतःसाठी लिहिलं असशील. त्या चार महिन्यांत तो तुझ्याकडे असण्याची ती पत्रं एवढी एकच जागा राहिली होती.

तर ते गृहस्थ माझ्यासमोर बसलेले. मी म्हटलं, चित्र देते, पण तिला आधी सांगा. ती फाटकात येऊन त्याला शोधेल अशी वेळ आणू नका.

“आणि सांगतल्यावर काही झालं तर मॅडम? पोटाले? तिची आई नाही, मीच आहे एकटा.”

आई, तुझी भीती मला तेव्हा पहिल्यांदा समोर बसलेली दिसली, हेल्मेट मांडीवर घेऊन. मी म्हटलं, “मग निदान एक करा. ती काहीही बोलली, वाट्टेल ते बोलली, तर गप्प बसू नका. त्याच्यासाठी तुम्ही काय केलं ते सांगा. जेवायला वाढून विषय बंद करू नका.” ते हेल्मेट उचलून उभे राहिले. एका अनोळखी बाईनं आपल्याला असं का दटावावं, हे त्यांना कळलं नसणार.

हे मी तुलाही दटावते आहे. चूक माझीच होती, पण तू एकदा ओरडायला हवं होतंस. ‘ये इकडे, बघ ही गादी,’ म्हणून माझ्यासमोर टाकायला हवी होतीस. तू मला दुःखापासून वाचवलंस आणि तुझ्यावर अन्याय करायला मोकळं सोडलंस. तुझ्या वाटणीचं बोलणं तू गिळलंस, आणि माझ्या वाटणीची माफी माझ्याजवळच राहिली.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. कारखान्यातूनच बोलत होते, मागे यंत्रांचा आवाज. “सांगतलं मॅडम. काल सांगतलं. लय रडली.” मी विचारलं, रागावली का? “नाही न. मले म्हणते, बाबा, तुम्ही एकटेच होते काय तेव्हा? जेवले होते का त्या दिवशी?”

मी फोन ठेवला आणि कूलर बंद केला. मला हे सुचलंच नव्हतं, आई. पोळ्याच्या त्या दिवशी तू जेवली होतीस का, हे मी तेव्हा विचारलं नाही, बाबांनाही तेराव्यानंतर विचारलं नाही. आता बाबाही नाहीत, विचारायला कोणी नाही.

त्याच संध्याकाळी मी आपल्या कुत्र्याचं चित्र सुरू केलं. त्याचा एकही फोटो नाही. कॅमेरा मामाचा असायचा आणि मामा माणसांचे फोटो काढायचा. लोकांना मी जे प्रश्न विचारते ते स्वतःला विचारले. बदामी रंग, छातीवर पांढरं, एक कान पडलेला. उजवा की डावा? डोळे मिटले की मला चुलीचा उजेड दिसतो, उंबरा दिसतो, पिठाने भरलेला तुझा हात पोळीचा तुकडा धरून पुढे आलेला दिसतो, करंगळी जराशी वाकडी, हिरव्या बांगड्या मनगटापासून मागे सारलेल्या. त्याचा चेहरा त्या तुकड्याकडे वळलेला असतो आणि मला तो नीट दिसत नाही. तीन कागद फाडले. चौथ्यावर तुझा हातही घेतला, आणि तो पहिल्याच फटक्यात बसला, माझा ब्रश जराही हलला नाही. कान मी डावा पडलेला काढला. चुकला असेल तर तुलाच माहीत.

माझा हात पुरता थांबायच्या आधी वाटणी ठरवली आहे, ती तुला सांगून ठेवते. काळ्या कुत्र्याचं चित्र हिंगण्याच्या त्या गृहस्थांना, मुलगी घरी यायच्या आधी पोहोचायला हवं, काच लावूनच द्यायचं. उरलेले कागद, ब्रश आणि रंग माझ्या शाळेला, चित्रकलेच्या वर्गासाठी. सगळ्यात बारीक ब्रश मात्र शेजारणीला, ती हल्ली शिकायला बसते. तुझी पत्रं आणि हे आपल्या कुत्र्याचं चित्र माझ्या मुलीला. ती त्या वेळी माझ्या पोटात होती, म्हणजे मी तुला बोलले तेव्हा तीही तिथे होतीच. तिला तिची आजी आठवते ती फक्त तेल लावणारी, गप्प. चित्रासोबत तिला फाटकातली ती दुपार सांगायची आहे, माझ्या शब्दांसकट, एकही शब्द मऊ न करता. हे पत्र कोणालाच द्यायचं नाही.

मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही, हाताचंही नाही आणि त्या दुपारचंही नाही. उद्या रविवार, तिचा फोन येईल, आणि मी बहुधा इथल्या उन्हाबद्दलच बोलेन.