आबांनी शर्यत कशी संपवली

आबा, आज रविवार आहे आणि मी घरीच बसले आहे. गुडघा धरलाय, महाडला येणं जमणार नाही, असं सकाळीच आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नाही. अंगणवाडीच्या कामासाठी काल मी वरच्या आळीतल्या बाळंतिणीकडे चढून जाऊन आले. खरं कारण असं की आज मंडळीत सगळ्यांसमोर मला साक्ष द्यायची होती आणि विषय तुम्ही होतात. मंडळीतल्याच दासगावच्या मावशींना डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय, त्या फार घाबरल्यात. त्यांना धीर यावा म्हणून पाळकसाहेब गेल्या रविवारी म्हणाले, आबांनी विश्वासाची शर्यत कशी संपवली ते सांगा, शेवटच्या घटकेला चेहऱ्यावर काय तेज होतं ते सांगा, तुम्हीच तर उशाशी होतात. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आठवडाभर घास गोड लागलेला नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी चिडायला मला तुमच्याशिवाय दुसरं माणूस सापडत नाही.

रविवार म्हटलं की मला आपल्या वाडीतून खाली उतरणारी ती पाऊलवाट दिसते. खाली डांबरी रस्ता, आणि त्या रस्त्याने पोलादपूरहून महाडला जाणारी एसटी. ती कधी वेळेआधी येईल आणि कधी येणारच नाही, याचा नेम नाही. म्हणून आपण पळतोय. पुढे दादा, त्याच्यामागे मी, माझ्यामागे एका हाताने निऱ्या सावरत आई, आणि सगळ्यांच्या शेवटी तुम्ही. सगळ्या खोऱ्यात तुमच्यासारखं पळणारं कोणी नव्हतं, जत्रेतल्या शर्यतीचा नारळ दरवर्षी तुम्हीच आणायचात, आणि तरी रविवारी तुम्ही मागे. एकदा मी विचारलं, तर म्हणालात, "फुडं पळनारा एकटाच पोचतो गो. मागनं पळलं की समदी पोचत्यात." दम लागून मी करवंदीच्या जाळीपाशी टेकले की पाठीवर तुमचा हात यायचा. "हळू झालीस तरी चालंल. पन बसायचं नाय." बायबलातलं शर्यतीचं वचन बाकीच्यांनी वाचलं असेल, मी ते घामाने भिजलेल्या झंपरात शिकले. फार वर्षं मला खरोखरच वाटायचं की ज्याची एसटी चुकते त्याला स्वर्गात घेत नाहीत.

मुंबईला गोदीत असताना तुम्ही आजारी पडलात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाने तुमच्यासाठी प्रार्थना केली, आणि बरे होऊन गावी आलात ते ख्रिस्ताला घेऊनच. दुसऱ्यांचे वडील मुंबईहून ट्रान्झिस्टर आणायचे. गावाने आपल्याला वाळीत वगैरे टाकलं नाही, हे मी कोणी विचारलं तर आवर्जून सांगते. फक्त शिमग्यात पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान आपल्या घराचा होता, तो तुम्ही सोडलात. तरी पहिल्या वर्षी रीतीप्रमाणे पालखी आपल्या अंगणात आली. आई दाराआड उभी. ओटी भरायची नाही, नारळ द्यायचा नाही, आणि दारात आलेल्या माणसांना तसंच परतही लावायचं नाही, अशा पेचात तुम्ही घागर आणि तांब्या घेऊन बाहेर आलात आणि पालखीखालच्या एकेकाला पाणी पाजायला लागलात. गावकीतले म्हातारे काका म्हणाले, "अरे, द्येव दारात आलाय नि तू मानसांना पानी पाजतोस?" तुम्ही म्हणालात, "काका, खांदं किती दुखत्यात ते मला ठावं हाय." काहीजण हसले, काहीजण पाणी प्याले. पुढच्या वर्षीपासून पालखी आपल्या अंगणाच्या अलीकडूनच वळायला लागली. लांबून ढोल ऐकू आला की तुम्ही उगाच गोठ्यात काहीतरी काम काढून बसायचात, आणि मी दारातून बघायचे.

आता माझं ऐका. दादाने मुंबईत घरी गणपती आणायला सुरुवात केली. मी रागावेन असं वाटून त्याने आधी सांगितलंच नव्हतं. मी गेले, मोदक खाल्ले, घरभर माणसं बघितली आणि मला त्याचा हेवा वाटला. माझं लग्न राहिलं, कारण वाडीतल्या कोणाला अशी सून नको होती आणि मंडळीत लग्नाचा मुलगाच नव्हता. तुम्ही म्हणायचात देव बघील, आणि देव नुसता बघतच राहिला. पुरात मंडळीची खोली छतापर्यंत बुडाली, तेव्हा जे पांगले ते पांगलेच. आता रविवारी पंखा लावायची लाज वाटावी इतकीच माणसं असतात. मी तरी जाते. गाणी म्हणते, आमेन म्हणते, चटया गोळा करून ठेवते. पण प्रार्थनेला डोळे मिटले की आत कोणी नसतं. पूर्वी निदान भीती तरी वाटायची की तो ऐकतोय. आता नळाला पाणी नाही हे माहीत असताना रोज कळशी लावावी तसं झालंय. मी फार थकलेय आबा. बसावंसं वाटतं, आणि बसले तर कोणाला कळणारही नाही.

हे कुठून सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे. त्या दुपारी तुमची खाट पडवीत आहे, आई आधीच वारलेली, दादा अजून वाटेत. तुम्ही सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. मी तुमच्या आवडीचं गाणं म्हणतेय आणि तुमचा चेहरा बघतेय, कारण मला लहानपणापासून तुम्हीच सांगितलेलं, की धाव संपते तिथे प्रभू हात पसरून उभा असतो. तुम्ही डोळे उघडले. माझं मनगट इतकं घट्ट धरलंत की बांगडी फुटली. "गो, मला भ्या वाटतंय," म्हणालात. मी म्हटलं, "आबा, तो आहे ना जवळ." तुम्ही पडवीभर नजर फिरवलीत, दाराकडे बघितलंत, आढ्याकडे बघितलंत. "कुठं हाय? हितं कोन नाय." मग पाणी मागितलंत, ते प्यायच्या आधीच मान कलली. तेज वगैरे काही नव्हतं. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता तुमचा.

महाडहून मंडळी शवपेटी घेऊन आली, पण सगळी वयस्क माणसं, डोंगर उतरून ती खालच्या टेम्पोपर्यंत नेणार कोण? तेव्हा पालखीचीच माणसं पुढे आली, कोणी बोलावलं नव्हतं. पेटी त्यांनी जन्मात उचलली नव्हती. खांद्यावर न्यायची एकच रीत त्यांना ठाऊक, म्हणून ते पालखीच्याच दुडक्या चालीने पळत उतरायला लागले. पाळकसाहेब मागून "हळू, हळू" म्हणत राहिले. काकांचा मुलगा वळून म्हणाला, "सायेब, उतारावर हळू झालं की वझं अंगावर येतं." आपल्याच पाऊलवाटेने, करवंदीच्या जाळीवरून, तुम्ही त्या माणसांच्या खांद्यावर पळत गेलात. मंडळीने त्यातून गोष्ट केली, की आबा धावतच प्रभूकडे गेले. पालखीवाल्यांनी दिलेला खांदा बघून मी रडत होते, मंडळीला वाटलं आनंदाने रडतेय.

हे लिहीत असतानाच मावशींचा फोन आला. आवाज अगदी बारीक झालाय. "तू नाय आलीस, म्हनून मीच इचारते. आबा कसं गेलं गो? भ्यालं नाय ना?" पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नाही मावशी. हसत गेले." "मग बरं हाय," म्हणाल्या. "मंग मी बी जाईन." फोन ठेवल्यावर मी चहा टाकला आणि तो उतू गेला.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी टाकलं नसतं, कारण तुम्ही वाचलंत तर मला म्हणाल, ऊठ. पण एक सांगून टाकते. धाव संपते तिथे तो उभा असावा, असं मला कधी फारसं वाटलंच नव्हतं. मला आपलं वाटायचं, तुम्ही असाल. तुम्ही म्हणायचात तो आहे, म्हणून तो होता. त्या दुपारी तुम्ही म्हणालात इथे कोणी नाही, आणि मी नेहमीसारखा तुमच्यावर विश्वास ठेवला.