चन्नम्मा शेटे, माहेर तालुका शिरोळ

७ नोव्हेंबर १९९८, शनिवार

डॉक्टर म्हणाले, शेटे, डोक्यात घोळवत बसू नका. लिहून काढा आणि विसरून जा, प्रेशर उतरेल. म्हणून ही वही. कुणी वाचू नये. वाचलीच तर होती तिथं ठेवावी.

आजचा निश्चय: नातसुनेचं काम मी स्वतः करणार.

ती हॉलंडची. वारणानगरला दूध डेअरीचा अभ्यास करायला आली. आमचा अमरेश तिथंच लॅबमध्ये. व्हायचं ते झालं. जूनमध्ये लग्न लावून दिलं. पासपोर्टवर तिचं नाव आनेके. लग्नात सुनेचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात. ताट मीच धरलं होतं. अमरेशला म्हणालो, लिही, चन्नम्मा. माझ्या बायकोचं नाव. ती जाऊन तीन वर्षं झाली. घरात हाक मारायची सवय सुटत नव्हती. आता सोडायची गरज उरली नाही.

व्हिसा ३१ मार्चला संपतो. त्याआधी सरकारकडून इथं राहायची परवानगी काढायची. नाही मिळाली तर तिला जावं लागेल, आणि ती गेली की अमरेशही जाईल. तो तसं म्हणालेला नाही. पण त्याला आम्ही नवरा-बायकोनं वाढवलाय, तो न बोललेलं मला ऐकू येतं. म्हणजे मग या घरात मी आणि फ्रिज.

अमरेश म्हणाला, अज्जा, आम्ही बघतो की. मी म्हणालो, तुझी शिफ्ट, तिला इथलं काय माहीत? मी गुळाच्या अडतीवर बत्तीस वर्षं दिवाणजी होतो. सेल्सटॅक्सचे साहेब आले की मालक संडासात जाऊन बसायचे, बोलायचो मी. शिक्षण सातवी. पण तेव्हाची सातवी.

आठ दिवसांत काम संपवतो.

साखर बंद केली आहे. गूळ चालू. गूळ म्हणजे साखर नव्हे, हे डॉक्टरांना कळत नाही. ते पुण्याचे आहेत.

११ नोव्हेंबर, बुधवार

काल छातीत धडधड. गॅस असावा. नसला तर?

चन्नम्मा शेजारी हंबीररावांकडे मराठी शिकायला जाते. दर बुधवारी आणि रविवारी. जेवूनच येते. आमच्या घरात अंडंही येत नाही, आणि ते पडले मराठे. म्हणून मी स्पष्ट विचारलं. म्हणाली, अज्जा, तिथं भाषा चांगली मिळती. मन निश्चिंत झालं. येताना तोंडाला घाम आणि डोळ्यांत पाणी असतं, इतकं मन लावून शिकते.

एकच तक्रार. हंबीररावांच्या घरातल्या बायकांसारखं मी जातो, मी येतो म्हणते. सरकारी कामाला जाते, येते पाहिजे. उद्यापासून मी शिकवणार.

१६ नोव्हेंबर, सोमवार

लग्नाची नोंद करायची राहिली होती. महापालिकेत गेलो. फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. अक्षर बघून बाजूचा माणूस म्हणाला, पावणं, माझाबी भरून द्या की. दिला.

वधूचं नाव: चन्नम्मा. वडिलांचं नाव हेंद्रिक. नुसतं हेंद्रिक उघडंबोडकं वाटलं. हेंद्रिकाप्पा लिहिलं. गावाचं नाव अमरेशनं सांगितलं होतं, पण ते घसा खरवडून काढावं लागतं, मराठीत बसेना. गाळलं. तालुक्याची जागाही कोरी राहिली असती तर बरं दिसलं नसतं. शिरोळ लिहिलं. तिच्याकडेही सखल जमीन, पुराचं पाणी, दूधदुभतं. फार फरक नाही.

कारकुनानं विचारलं, आजोबा, सगळं बरोबर हाय न्हवं? मी म्हणालो, बत्तीस वर्षांत माझ्या हातची खाडाखोड कुणी बघितलेली नाही.

जाते, येते शिकवायचं राहिलं. उद्यापासून.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

दाखला मिळाला! शिक्का एकदम ठसठशीत. तोच घेऊन रेशनकार्डाच्या ऑफिसात गेलो आणि चन्नम्माचं नाव कार्डावर चढवून आणलं. मी, अमरेश, चन्नम्मा. तीन माणसं. ज्याचं नाव रेशनकार्डावर त्याला या देशातून कोण हलवणार? व्हिसा वगैरे नुसत्या समजुती आहेत.

संध्याकाळी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं नावावरून बोट फिरवलं. विचारलं, हे मी? म्हणालो, हे तू. ती माझ्या पाया पडली. पाय आधी धुतले असते तर बरं झालं असतं.

आनंदाच्या भरात गूळ जास्त झाला. उद्यापासून बंद.

३ डिसेंबर, गुरुवार

पोलीस ऑफिसात अर्ज दिला. परदेशी लोकांचं काम तिथंच चालतं. अर्ज इंग्रजीत होता म्हणून तो तिनं भरला. तेवढंच तिचं काम. बाकी टाचण्या मी मारल्या. सगळ्यात वर माझा दाखला. अमरेश म्हणाला, अज्जा, मी एकदा वाचून बघू? मी म्हणालो, टाचणी काढलीस तर कागद फाटेल.

२० डिसेंबर, रविवार

हंबीरराव सांगत होते, आण्णा, पोलीस घरी चौकशीला येत्यात. हाय ते सांगायचं. शानपणा न्हाय करायचा.

आर्मीत स्वयंपाकी होते, त्यामुळं सगळ्यांना हुकूम सोडायची सवय. मनात तयारी चालू केली आहे. पोलीस आला की काय विचारेल, मी काय सांगेन. आरशासमोर दोनदा सांगून बघितलं. धोंडुबाई भांडी घासायला आली होती, तिनं विचारलं, आण्णा, कुनाशी भांडालाईसा?

६ जानेवारी १९९९, बुधवार

पोलीस येऊन गेला! अमरेश ड्युटीवर. चन्नम्मा शेजारी अभ्यासाला. मी एकटा. एकट्यानं निभावलं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

हवालदार दारातच म्हणाला, पावणं, हितं आनेके नावाची परदेशी बाई ऱ्हाती का?

आवाज स्थिर ठेवला. मी म्हणालो, परदेशी? या घरात परदेशी कोणी नाही. घरंदाज लोकांचं घर आहे हे. तो म्हणाला, न्हाय, कागदावर हाच पत्ता हाय. मी म्हणालो, असेल. पण त्या नावाचं इथं कोणी राहत नाही. मी आहे, नातू आहे, आणि आमची सून चन्नम्मा. रेशनकार्ड काढून समोर धरलं. त्यानं वाचलं.

शेजारी इच्यारू काय, म्हणाला. मी म्हणालो, विचारू नका, जेवणाची वेळ आहे. लोकांच्या ताटावर पोलीस गेलेला बरा दिसतो का? चहा दिला. त्यानं माझं म्हणणं लिहून घेतलं, मी झोकात सही केली. जाताना म्हणाला, कुनीतरी चुकीचा पत्ता दिला बगा. मी म्हणालो, जग फार वाईट आहे.

परदेशी म्हणे! घरातल्या माणसाला परदेशी म्हणायची माझी तयारी नाही. सरकारचा बंदोबस्त झाला. आता परवानगी आलीच समजायची.

२५ जानेवारी, सोमवार

पत्र नाही. चांगली खूण. नाकारायचं असतं तर लगेच कळवलं असतं.

धडधड चालूच. अमरेशला हवालदाराचं सांगितलेलं नाही. परवानगी हातात आली की एकदम सांगेन, तोंड बघण्यासारखं होईल.

११ फेब्रुवारी, गुरुवार

बोलावणं आलं. तिघं गेलो. साहेब तरुण, बोलायला सौम्य. माझ्या दाखल्यावर बोट ठेवून म्हणाले, आजोबा, याच्यावरून तुमच्या नातवाचं लग्न शिरोळ तालुक्यातल्या चन्नम्माशी झालंय. त्या कुठं आहेत?

मी म्हणालो, ही काय.

साहेब म्हणाले, यांच्या पासपोर्टवर आनेके आहे. आणि आनेके तुमच्या घरी राहत नाहीत, असं तुम्हीच सांगून सही केलीय. म्हणजे तुमच्या घरची सून वेगळी, आणि या बाई आमच्या जिल्ह्यात नेमक्या कुठं राहतात, हे कुणालाच माहीत नाही.

चन्नम्मा मध्येच म्हणाली, मी हितंच ऱ्हातो की, सायेब.

ऱ्हातो! तरी मी सांगत होतो, राहते म्हण. सगळं तिथं बिघडलं.

१३ फेब्रुवारी, शनिवार

अमरेशनं आज एकच विचारलं: अज्जा, शिरोळ का?

याचं उत्तर फॉर्ममध्येच होतं. तालुका विचारला होता म्हणून.

ती मात्र रागावली नाही. तालुक्याचं ऐकून पोट धरून हसली. बराच वेळ हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. पाण्याची टंचाई आहे, पण आज चालू दे.

धोंडुबाई म्हणाली, घरात समोर बसल्यालं मानूस हरीवलासा की वो, आण्णा. तिला कायद्यातलं कळत नाही.

दोष कुणाचा म्हणाल तर हवालदाराचा. त्यानं प्रश्न नीट विचारायला हवा होता. आनेके राहते का, असं विचारलं तर माणूस नाहीच म्हणणार. आमची सून कुठली, असं विचारलं असतं तर मी हॉलंड सांगितलं असतं. कदाचित.

१ मार्च, सोमवार

पुन्हा चौकशी झाली. तोच हवालदार. माझ्याकडं न बघता सरळ शेजारी गेला. हंबीररावांनी जबाब दिला, तो मी कुंपणावरून ऐकला: ऱ्हाती की, शेजारीच ऱ्हाती. बुदवारी आनि आयतवारी आमच्यात मटान खायला येती. तांबडा रस्सा वाट्यावर वाट्या पिती. खोटं वाटलं तर आमच्या मंडळीस्नी इच्यारा.

आमच्या सुनेच्या तोंडी मटण! पण तिची राहण्याची जागा सिद्ध व्हावी म्हणून त्यांनी पोलिसांपुढं एवढं मोठं खोटं बोलायची जोखीम घेतली. मी गेटपर्यंत जाऊन हात जोडले. ते म्हणाले, आण्णा, तुमी येडं हाईसा काय? मोठेपणा मिरवत नाहीत, हा त्यांचा गुण आहे.

राहण्याचं मिटलं. दाखल्याचं नाही. साहेब म्हणाले, आधी लग्नाची नोंद दुरुस्त करून आणा, मग नवा अर्ज. नोंद दुरुस्त व्हायला एप्रिल उजाडणार. मी म्हणालो, ३१ मार्च पुढं ढकला. ते म्हणाले, ते माझ्या हातात नाही, आजोबा. खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढ्या चांगल्या माणसाशी भांडता येत नाही.

उद्यापासून महापालिकेत रोज जाऊन बसणार.

१८ मार्च, गुरुवार

चार वेळा गेलो. आता मी दिसलो की कारकून जेवायला उठतो.

अमरेशनं नोकरीचा राजीनामा दिला. तिकडच्या एका डेअरीत काम मिळतंय म्हणाला. अज्जा, दोन वर्षांत येऊ. तुमी बी चला. मी म्हणालो, मी आलो तर इथलं काम कोण बघणार?

तो म्हणाला, कसलं काम?

डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून उठलो.

२९ मार्च, सोमवार

दोघं संध्याकाळच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेली. गुळाची अर्धी ढेप बांधून दिली. अमरेश म्हणाला, वजन होतंय. तिनं स्वतःच्या बॅगेतले बूट काढले आणि तिथं ढेप ठेवली. बूट धोंडुबाईच्या सुनेला दिले.

गाडी हलताना दारातून ओरडली, येतो, अज्जा!

येते म्हणायचं, हे शेवटपर्यंत शिकवायचं राहिलं. आता असू दे. येतो तर येतो.

हंबीरराव स्कूटरवरून घरी सोडायला आले. दारात म्हणाले, आण्णा, बुदवारी जेवायला या. तुमास्नी पिठलं करू.

१४ मे, शुक्रवार

महापालिकेचा दाखला दुरुस्त होऊन मिळाला. वधूचं नाव आनेके. वडील हेंद्रिक. गावाचं ते घशातलं नावही बसवलंय. तालुका कोरा आहे आणि काही बिघडलेलं दिसत नाही.

फोनवर अमरेशला सांगितलं. तो म्हणाला, अज्जा, त्याची आता गरज न्हाय. आता तिकडं त्याला राहायची परवानगी पाहिजे, तिच्या बाजूनं. त्यांनी तिथं कचेरीत पुन्हा लग्न केलं. बोलावणं नव्हतं. बरोबर आहे, एवढ्या लांब तांदळाचं ताट कोण नेणार.

मी म्हणालो, तिकडच्या अर्जाला काही मदत लागली तर मी आहे. तो म्हणाला, तुमी फक्त तब्येत सांभाळा.

नातू काळजी घेतो.

१६ जून, बुधवार

दुपारी रेशनकार्डांची तपासणी करणारे आले. कार्ड बघून विचारलं, तीन माणसं? मी म्हणालो, तीन. नातू? ड्युटीवर. चन्नम्मा? घरात राहतात ना?

राहते की, म्हणालो.

बोलवा त्यांना, म्हणाले.

मी म्हणालो, शेजारी अभ्यासाला गेली आहे. आज बुधवार.

त्यांनी तीन नावांपुढं खूण केली आणि चहा न घेता गेले.

दुकानातून तिघांची साखर आणली. डब्यात मावेना म्हणून पातेल्यात ओतली. मला बंद आहे. मुंग्यांचं काहीतरी करायला पाहिजे. उद्यापासून.