तुमच्या नावावर एक खोटं

बाबा,

"आज श्वास पुरत नाय म्हणून ओढत नाय, साहेब. उद्या पुरला तर उद्या ओढीन." तुमचं हे वाक्य मी त्या दिवशी दारात उभी राहून ऐकलं, तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, पाठीशी आईच्या जुन्या लुगड्याची वळकटी होती. पाळकसाहेब स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर पांढऱ्या रुमालात बांधलेली प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली होती. ती त्यांनी देवळातून चालत, छातीशी धरून, खास तुमच्यासाठी आणली होती. तुम्ही नुसतं 'सोडली' म्हणायचं होतं. खोटंही ठरलं नसतं, कारण दोन महिन्यांत तुमच्या ओठाला विडी लागलेली नव्हती. आत आईने चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून उकळून आटलं तरी तिने उतरवलं नाही. मग पाळकसाहेब उठले, तुमच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि ताटली तशीच बांधलेली घेऊन गेले. जाताना आईला म्हणाले, "बाई, मास्तरांचं मन अजून तयार नाही." रुमालाची गाठ ते उगाच पुन्हा आवळत होते. ते वाईट नव्हते, बाबा. वाईट असते तर मला पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

आपल्या ख्रिस्ती मंडळीचा नियम तुम्हाला सांगायला नको, पण लिहायला बसले की मला तो पुन्हा एकदा मांडून बघावासा वाटतो. शहापूरच्या त्या पत्र्याच्या देवळात प्रभुभोजन असलं की आदल्या दिवशी, शनिवारी दिवेलागणीला, शाळेच्या खोलीत तयारीची सभा भरायची. पाळकसाहेब एकेकाला उभं करून विचारायचे, दारू घेतली का, जत्रेतला प्रसाद खाल्ला का, तंबाखूला हात लावला का. नाही म्हणेल त्याला दुसऱ्या दिवशी भाकर आणि पेला मिळायचा. होय म्हणेल त्याने मागच्या बाकावर बसायचं. सापगावची म्हातारी सुईण उठायची. "नाय बा साहेब, मी कशाला लावू मशेरी?" म्हणताना तिचे काळे दात कंदिलात चमकायचे. शेजारची बाई म्हणायची, "आगो, तोंड मिटून तरी बोल!" आणि सगळ्या बाया पदरात हसायच्या. पाळकसाहेब खाली बघायचे आणि तिला बसवायचे. मग तुमची पाळी यायची.

"मास्तर?"

"ओढतो."

"मागच्या वेळी सोडतो म्हणाला होतात."

"सोडून बघतो म्हणालो होतो. बघितलं. जमलं नाय."

"शरीर हे देवाचं घर आहे, मास्तर. आपल्या घरात कोणी धूर कोंडतं का?"

"आमच्याकडे रोज कोंडतो, साहेब. चूल आतच असते."

लोक हसायचे. तुम्ही हसत नव्हता. तुम्ही जे होतं ते सांगत होता, आणि आई जमिनीकडे बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

तुमची विडी कुठून आली हे मला ठाऊक आहे, कारण शहापूरच्या आधी मुरबाडला असताना तुम्ही मला शनिवारी सकाळी डोंगराखालच्या आदिवासी पाड्यांवर प्रचाराला बरोबर न्यायचा. एका अंगणात पोचलो. म्हातारा आपट्याच्या पानात तंबाखू वळतोय, चकमक झाडतोय, सावरीच्या कापसाला ठिणगी धरतेय. तो विडी पेटवतो, स्वतः एक झुरका घेतो आणि तीच विडी तुमच्यापुढे करतो. "घे रं मास्तर." तुम्ही ती दोन बोटांत धरून ओढता आणि मगच तो अंगणात तुमच्यासाठी घोंगडी पसरतो. एकदा त्याने विचारलं होतं, "पावसाच्या आधी तो घाटावरचा आला होता, काळ्या टोपीवाला, तो तुमच्या मिशनचाच का? त्यानं नाय घेतली. आमचं तोंड लागलेली नको त्याला." तुम्ही म्हणालात, "त्याला तंबाखू चालत नाय." म्हातारा हसला. "सगळे असंच बोलतात. पाणी द्यावं तर तहान नाय बोलतात." त्याच्या तोंडची विडी तुमच्या तोंडात गेली होती, म्हणून त्याने तुम्हाला येशूची गोष्ट सांगू दिली. तुम्ही सांगितलीत, तो मन लावून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चांगला माणूस होता. मग मारला कशाला?"

शहापूरला बदली झाल्यावर पाळकसाहेबांना कोणीतरी हे सांगितलं असावं. एका दुपारी ते घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पाड्यांवर सेवेसाठी ओढता, एवढंच म्हणा. मी वर तसं कळवतो. ह्या महिन्यापासून पुढच्या बाकावर या." त्यांनी दार उघडून धरलं होतं, बाबा. तुम्ही नुसतं आत यायचं होतं. तुम्ही म्हणालात, "शाळा सुटल्यावर आंब्याखाली ओढतो ती कोणाच्या सेवेची, साहेब? मला आवडते म्हणून ओढतो. आवडू नये हे कळतं, तरी आवडते." ते गेल्यावर आईने परातीतलं पीठ तसंच टाकलं. "एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती? पोरीला घेऊन मागं बसता. लोक बघतात." तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसून म्हणालात, "प्रभूच्याच ताटलीला हात लावायचा नि त्याच्याचसमोर खोटं बोलायचं? मग मला ती भाकर कशाला?" आई म्हणाली, "भाकर कशाला ते मेल्यावर कळंल." तेवढं एकच तिचं बोलणं तुम्हाला लागलेलं मी पाहिलं.

मागच्या बाकाची मला सवय झाली होती. ताटली पुढून येते, एकेक हात पुढे होतो, आपल्या पुढच्या ओळीपाशी पोचते आणि तिथून वळते. तुम्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले असता. गाणं असलं की सगळ्यांपेक्षा मोठ्याने गाता, सूर लागत नसला तरी. ताटली वळताना तुम्ही डोळे मिटून घेत नाही, तिच्याकडे बघता. जेवायला बसलेल्या घरच्या माणसांकडे ओटीवरून बघावं तसं. मला तेव्हा वाटायचं की तुम्ही रागावला असाल. राग असता तर बरं झालं असतं. तुम्हाला ती हवी होती. फार हवी होती, आणि 'नाही' एवढं म्हटलं की मिळत होती, आणि तुम्ही वर्षानुवर्षं तिथे बसलात.

मग लढाईच्या दिवसांत तुमची छाती धरली. पाळकसाहेब ताटली घेऊन आले आणि परत गेले ते मी वर लिहिलंच आहे. त्यानंतरच्या रविवारी आई देवळात गेली आणि मी तुमच्यापाशी थांबले. घंटा वाजली. तुम्ही ती संपेपर्यंत ऐकलीत, मग म्हणालात, "पोरी, फळीवर पिशवी आहे. एक पेटव." मी म्हटलं, "बाबा, खोकला येईल." "ओढत नाय गो. नुसती जवळ धर. वास घेतो." मला पेटवता येईना. तुम्हीच सांगितलंत, तोंडात धरून आत ओढल्याशिवाय पेटत नाय. मी ओढली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्ही हसलात. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, तरी हसलात. मी विडी तुमच्या नाकाशी धरून बसले. देवळातलं गाणं वाऱ्याबरोबर येत-जात होतं. तुम्ही म्हणालात, "त्याचं नि माझं भांडण नाय. मी त्याला कधी फसवलं नाय. बाकी त्याचं त्यानं बघावं." विडी माझ्या बोटांपर्यंत आली तेव्हा मी ती चुलीत टाकली.

आई आली. तिला वास आला की नाही मी कधी विचारलं नाही, घरात चुलीचा धूर होताच. तिने पदराची गाठ सोडली. आत भाकरीचा तुकडा होता. तिच्या वाटणीचा, तोंडाशी नेऊन न खाता लपवून आणलेला. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही चोरलं होतं आणि तेही प्रभूच्या ताटलीतून. तिने तो तुमच्यापुढे धरला. "घ्या. कोण बघत नाय." तुम्ही तिच्या हाताकडे पाहिलंत, तो हात आपल्या हातात घेतलात आणि तिची बोटं त्या तुकड्यावर मिटवलीत. "तुला दिलेला आहे. तू खा." तिला खाववेना, टाकवेना. तिने तो कोनाड्यात शास्त्राच्या पुस्तकाजवळ ठेवला. मंगळवारी तुम्ही गेलात. तुम्हाला माती देऊन परत आलो तेव्हा कोनाड्यातून खाली, भिंतीवरून, उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. आई ती रांग बघत बसली. मी झाडू आणला, तर म्हणाली, "राहू दे. खाऊ दे त्यांना तरी."

आता ती माझ्याकडे कल्याणला असते. अंथरुणाला खिळली आहे. इतकी वर्षं तिने हा विषय काढला नाही, आणि आता रोज संध्याकाळी, मी तिला भात भरवत असताना, तेच विचारते. "मी त्या दिवशी देवळात गेले होते ना, तेवढ्यात बोलले का गो ते काही? सोडली म्हणाले का?" तिला वाटतं, भाकर न घेता गेलेलं माणूस तिला पुढे भेटणार नाही. मी एकदा तिला तुमचे शब्द सांगितले, त्याचं नि माझं भांडण नाय, असं म्हणाले होते. तिने ऐकून घेतलं. "ते ठीक गो. पण सोडली म्हणाले का?" मी म्हटलं, "आई, घास गीळ." इथले नवे पाळक उपासना संपली की देवळामागे उभे राहून सिगारेट ओढतात आणि मंडळीतलं कोणी काही बोलत नाही. तो नियम कधी गेला ते कोणाला आठवतही नाही. मी त्यांना घरी आणलं, त्यांच्याकडून आईला समजावलं की तंबाखूवरून प्रभू कोणाला दूर करत नाही. ते गेल्यावर ती म्हणाली, "पोर आहे तो. त्याला काय माहीत?"

आणि मी, बाबा, अजूनही मागच्याच बाकावर बसते. मला तिथे कोणी बसवलेलं नाही. ताटली आता शेवटच्या ओळीपर्यंत येते आणि मी त्यातलं काही न घेता ती पुढे देते. मागे एकदा पाळकांनी विचारलं, ज्यांचा विश्वास आहे त्यांनी हात वर करा. मी गुडघ्यांवरचे हात उचलले नाहीत. विश्वास कधीपासून नाही ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या रांगेतली शेवटची मुंगी उंबऱ्याबाहेर गेली तेव्हापासून. खरं बोलायचं तुमच्याकडून शिकले, पण ज्याच्यासमोर तुम्ही खरं बोलत होता तो काही मला मिळाला नाही. म्हणून आई जिथे तुम्हाला शोधणार आहे तशी जागाच नाही असं मला वाटतं. ती डोळे मिटेल आणि तिथे कोणीच नसेल, तुम्ही नाही आणि तुम्हाला अडवणाराही नाही. मग माझ्या एका शब्दाने कोणाचं काय बिघडणार आहे? तरी तो शब्द माझ्या तोंडातून निघत नाही. रोज भाताचा घास पुढे करते आणि तुम्ही आईची बोटं मिटवलीत ते दिसतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सकाळी ह्याच कागदाने चूल पेटवीन. पण दोन दिवस झाले, ती घास धरत नाही, नुसतं विचारते. उद्या विचारेल तेव्हा, तुमच्या नावावर, एकदाच, मला 'हो' म्हणू द्या.