काळा अमामा

मिरजगाव, १८ जून २०२५

चि. काझिम यास कुलसूमआपाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तुझ्या वतीने फोन घेणारा तुझा लेक मेहदी मला बोलू देत नाही. काल डोळे तपासायला नगरला आले होते. स्टँडबाहेर पडले तर समोर फ्लेक्सवर तू. मोहरमच्या शोकाच्या मजलिसींची जाहिरात. वर 'सय्यद मौलाना काझिम अली' आणि तुझ्या डोक्यावर बांधलेला काळा अमामा. दवाखान्यात जायच्या आधी मी तिथेच डोळे चोळले.

काळा अमामा पैगंबरांच्या वंशातल्या सय्यद आलिमांचा आणि बाकीच्यांचा पांढरा, हे लखनौहून पहिल्यांदा सुट्टीवर आलास तेव्हा तूच मला समजावलं होतंस. आपण शेख. आपला बाप घोडेगावच्या बाजारात बैलांचे दात बघून वय सांगायचा. तो सय्यद कधी झाला? मेल्यावर बढती मिळते हे मला ठाऊक नव्हतं.

फ्लेक्सवाल्या ज्ञानेश्वरला जाऊन विचारलं. तो म्हणाला की मेहदीभाईंनी समोर बसून रंग बदलून घेतला, आणि मौलानांना काळा लई शोभतो. त्या बिचाऱ्याला काय बोलणार? तुझा दिवटा मात्र तुझ्यासारखा आलिम व्हायला इराणात कुमला गेला आणि थंडी सोसत नाही म्हणून दुसऱ्याच हिवाळ्यात परत आला. विद्या तिकडेच राहिली, घराणं तेवढं घेऊन आला.

उलट टपाली लिही. लोणचं खाऊ नकोस, रक्तदाब वाढतो. लोभ आहेच, सध्या राग जास्त आहे.

तुझी आपा

नगर, २४ जून

ती. आपा यांस,

गुरुजींनी शाळेत शिकवलेलं 'शि. सा. न.' मला लिहिता येत नाही हे तुम्ही जाणताच, तेव्हा सलाम वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी घराबाहेर पडत नाही, फ्लेक्स पाहिलाच नव्हता. मेहदीला विचारलं. संभाजीनगरच्या एका सय्यद घराण्यातली मुलगी त्याला सांगून आली आहे. ते लोक सय्यदांखेरीज कोणाला मुलगी देत नाहीत. मोहरम-सफर या दोन महिन्यांचा दुखवट्याचा सोग संपला की ते घर पाहायला येणार आहेत. मेहदीने पस्तिशी गाठली, त्याची आई असती तर केव्हाच लग्न झालं असतं.

तो म्हणतो की मी तोंडाने काहीच म्हणायचं नाही, लोक समजतील ते समजू द्यायचं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी चर्चा जुन्या किताबांत आहे. मी ती पुन्हा काढून वाचतो आहे. तुमच्या गुडघ्यांना तेल लावत जा. दुवा असू द्यावी, बोलणी कमी करावीत.

तुमचा काझिम

मिरजगाव, २८ जून

चि. काझिम यास आशीर्वाद, थोडेच.

किताबं कसली काढतोस? निकाहाच्या वेळी मुलाने नोकरी खोटी सांगितली हे कळल्यावर निकाह न पढता उठून आलेला आलिम तूच ना? तेव्हा मी साऱ्या मिरजगावात तुझं नाव सांगत फिरले होते. आता दुसऱ्याची मुलगी फसवून आपल्या घरी आणायची तर तुझी कानांबरोबर जीभही गेली.

आणि दुसरं. बैलबाजारातल्या दलालाचा पोर तू. कंदील घेऊन फारसी घोकलीस, लखनौला उपाशी राहिलास, परत आलास तेव्हा मोठमोठे लोक तुझ्यापुढे मान खाली घालायचे. त्या अमाम्याचा पांढरा रंग तू कमावलेला होता. मेहदीने तो काढून घेतला. आता म्हणतील, सय्यदच तो, विद्या रक्तातच होती. माझा जीव जळतो तो याने.

मजलिसीत मिंबरवर प्रवचनाला बसशील तेव्हा सगळ्यांसमोर सांग. त्याआधी मला पत्र पाठवू नकोस.

आपा

नगर, ८ जुलै

ती. आपा यांस सलाम वि. वि.

सांगितलं. सातव्या मोहरमला मिंबरवर बसलो आणि म्हटलं की मी सय्यद नाही, घोडेगावच्या हैदर शेख दलालाचा मुलगा आहे, माझ्या नावाने हे खोटं चाललं आहे.  इमामबाड्यात कोणीतरी रुमाल काढून डोळे पुसले. मग सगळेच रडायला लागले. खाली उतरलो तर एका म्हाताऱ्याने माझे हात चुंबले आणि कानाशी ओरडून सांगितलं की एवढा विनय पैगंबरांच्या घराण्यातच सापडतो.

मेहदीने लोकांना केव्हाच सांगून ठेवलंय की अब्बा सय्यद असूनही विनयापोटी पांढरा अमामा बांधतात. मी शपथ घेतली. ते आणखी रडले. माझ्या बोलण्याचा इतका परिणाम आजवर कधी झाला नव्हता. त्याचा व्हिडिओ मुलीच्या वडिलांना गेला. अशा नम्र घरात मुलगी जाणं भाग्याचं, असं त्यांनी कळवलं आहे. नव्या फ्लेक्सवर माझ्या नावामागे 'विनयमूर्ती' लागलं आहे.

मेहदी खूश आहे. मला मात्र आरशात बघवत नाही. आता काय करू ते तुम्हीच सांगा.

काझिम

मिरजगाव, १३ जुलै

चि. काझिम यास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. तू बोललास, मला तेवढं पुरे. पण दोष तुझाच आहे. जन्मभर इतकं हळू आणि गोड बोललास की तू खरं सांगितलंस तरी लोकांना ती सभ्यता वाटते.

माझ्यावर सभ्यतेचा हा आळ अजून कोणी घेतलेला नाही. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली पोरं, त्यांचे बाप, हेडमास्तर, शेजारची सत्यशीला, कोणालाही विचार. सत्यशीला तर म्हणते की मी आजारपणातही भांडते.

मेहदीला माझा निरोप दे. सोग संपेपर्यंत त्याच्याकडे वेळ आहे. संभाजीनगरला जाऊन त्याने त्या मुलीसमोर स्वतःच्या तोंडाने खरं सांगावं. त्यावर ती हो म्हणाली तर माझ्या पाटल्या तिच्या हातात घालीन आणि मेहदीला पुन्हा कधी टोचून बोलणार नाही. एवढं त्याच्याने होत नसेल तर पाहुणे यायच्या दिवशी मी पहिल्या एसटीने येते. मला मुलीच्या आईशेजारी बसव. मी बोलेन, आणि त्याला विनय म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

प्रकृतीस जप. लोभ ठेव असं लिहीत नाही, ठेवावाच लागेल.

तुझी आपा