उजवीकडची पानं

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

प्रिय दादा,

तू, नीनावहिनी आणि इला मजेत असाल असं धरून चालते. इथे थंडी अजून सुरू झालेली नाही. माझं ऑफिस नेहमीसारखं चालू आहे, सध्या एका जुन्या पार्किंग डेकची तपासणी करते आहे. आई म्हणते तिचा गुडघा बरा आहे, म्हणजे तो बरा नसावा. ती महिनाभर तुझ्याकडेच आहे, तेव्हा तुला माझ्याहून जास्त माहीत असेल.

मी फोन न करता पत्र का लिहिते आहे ते पुढे येईल. उद्या कुरियरने टाकीन, मंगळवारी दुपारपर्यंत अर्विंगला तुझ्या हातात पडेल. स्कॅन ईमेलनेही पाठवीन. दोन्ही उघड.

शुक्रवारी आईने मंडळाच्या नव्या हॉलच्या उद्घाटनाची पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. दसऱ्यानंतरचा शनिवार, ४ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा. आईच्या हस्ते नारळ, मग मुलींचं लेझीम, मग जेवण. लेझीमच्या यादीत पहिलं नाव इलाचं. हे सगळं कुठे, तर प्रवेशद्वारावरच्या तुझ्या काँक्रीटच्या छज्ज्याखाली. शेजारी छज्ज्याचा फोटो, खाली अजून सेंट्रिंगचे टेकू. आणि तळाला ओळ: ‘वास्तुरचना: देवांग परचुरे. स्ट्रक्चरल मार्गदर्शन: आश्लेषा परचुरे, पी. ई.’

मी कोणालाही मार्गदर्शन केलेलं नाही.

फोटो मोठा करून पाहिला. छज्ज्याच्या पोटावर प्लायवूडच्या जोडांच्या रेघा उमटल्या आहेत. खांबापासून कडेपर्यंत सात तुकडे, प्रत्येक चार फुटी. म्हणजे अठ्ठावीस फूट. गेल्या वर्षी दिवाळीत तू माझ्या जेवणाच्या टेबलावर जे चित्र ठेवलं होतंस, त्यात अठरा होते, आणि मागे, खांबांच्या पाठीशी, छत खाली खेचून धरणाऱ्या सळया होत्या. फोटोत मागे काचेची दारं आहेत. सळया नाहीत.

मी मोरेश्वरकाकांना फोन केला. मंडळाचे अध्यक्ष तेच, म्हणून. संभाषण जसंच्या तसं लिहिते.

“काका, छज्जा कोणी तपासला?”

“अगं, तूच ना! पत्रिकेत नाव बघितलंस की नाही? मी मुद्दाम टाकायला लावलं. लोकांना कळू दे, दोघं भावंडं किती हुशार आहेत.”

“अठ्ठावीस फुटांच्या ड्रॉइंगवर सही कोणाची आहे?”

“सही वगैरे सगळी झालीये ग, परमिटच्या वेळी. नंतर देवांगने थोडा पुढे घेतला, ढोलपथक सावलीत राहील म्हणून. आणि मागचे रॉड दारात येत होते, ते कॅन्सल केले. घरचंच काम आहे यार, आता प्रत्येक गोष्टीला काय त्या इंजिनियरकडे धावायचं? देवांग म्हणाला, आशूशी मार्चमध्ये बोलणं झालंय.”

“झालं होतं,” मी म्हटलं. “दुसऱ्या विषयावर.”

“बरं, मग विषय मिटला. बुधवारी टेकू काढतोय. तू ये बरं का शनिवारी! विमानाचं तिकीट बघ.”

काका भले आहेत. त्यांनी लगेच दोन्ही ड्रॉइंगही पाठवली, परमिटचं आणि बदललेलं. त्यांचं काय चुकलं ते त्यांना कळत नाही, कारण ते अकाउंटंट आहेत. तू नाहीस.

आता हिशेब, साध्या भाषेत. बाहेर झुकलेल्या स्लॅबची लांबी वाढली की मुळाशी येणारा वाक लांबीच्या वर्गाने वाढतो. अठराचे अठ्ठावीस केलेस तर लांबी दीडपट झाली आणि वाक जवळजवळ अडीच पट. कड किती खाली लोंबेल ते चौथ्या घाताने वाढतं, ते जवळजवळ सहापट. जाडी तू तीच ठेवलीस, कारण कड पातळ दिसायला हवी होती. आणि मागच्या सळया काढल्यावर तो सगळा भार दोन खांबांच्या मुळाशी गेला. त्या खांबांतलं लोखंड मागे सळया असतील असं धरून घातलेलं आहे. आज ते टेकूंवर उभं आहे. फोटोत खांबाच्या वर, छताच्या बाजूच्या कडेवर, पाठीकडून खाली उतरणारी एक बारीक काळी रेघ दिसते. ती सावली असेल तर उत्तम. मला ती सावली वाटत नाही.

हे तुला कळत नाही असं नाही. म्हणूनच मला इतका राग आला आहे.

तुला स्पेनची वही आठवते, हे मला माहीत आहे, कारण जानेवारीत तू ती अडीचशे लोकांना दाखवलीस. २०१४ साली तू बार्सिलोनाला सहा महिने शिकत होतास, मी बारावी झाले होते, आणि आईबाबा परत गेल्यावर आपण दोघं सोळा दिवस बसने हिंडलो. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली चौकटीची लांब वही. नियम तूच केला होतास: डावीकडे तुझं चित्र, उजवीकडे माझे आकडे, आणि कुठलंही पान एकट्याने भरायचं नाही. माझ्याकडे पाच मीटरचा टेप होता. बसमध्ये तू डुलक्या घ्यायचास आणि मी उजवीकडची पानं पुरी करायचे.

गाउदीपासून सुरुवात, त्याच्या चर्चच्या मॉडेलपासून. उलट्या टांगलेल्या दोऱ्या, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या, आणि त्या लोंबत्या जाळ्याचा फोटो उलटा केला की चर्चची कमान. तू अर्धा तास चित्र काढत होतास. मी उजवीकडे लिहिलं होतं: ‘याने आकार काढला नाही. वजन टांगलं आणि आकार येईपर्यंत थांबला.’

मग माद्रिदचं सारसुएलाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. तोरोखाचं छत, कडेला जेमतेम पाच सेंटीमीटर, पुढे जवळजवळ तेरा मीटर बाहेर. तू म्हणालास, “आशू, हे उडतंय!” मी तुला दंडाला धरून स्टँडच्या मागे नेलं आणि छत मागून खाली ओढून धरणाऱ्या उभ्या सळया दाखवल्या. प्रेक्षक तिकडे बघत नाहीत, घोडे पुढून धावतात. तोरोखाने छत बांधण्याआधी त्याचा एक तुकडा खऱ्या मापाचा बांधला आणि मोडेपर्यंत त्यावर वजन ठेवत गेला. पुढे यादवी युद्धात त्या छताला गोळ्यांनी भोकं पडली. ते पडलं नाही.

युद्धानंतर आलेल्या हुकूमशाहीला जुन्या साम्राज्यासारख्या दगडी दर्शनी भिंती हव्या होत्या, आणि नवं करणाऱ्यांपैकी काही देश सोडून गेले. कान्देला मेक्सिकोत गेला आणि चार सेंटीमीटरची काँक्रीटची फुलं उभी केली. त्याच्यावरचं डावीकडचं पान तू फोटोवरून काढलंस, कारण मेक्सिको आपल्या तिकिटात नव्हतं. चित्र, हिशेब आणि बांधकाम, तिन्ही त्याच्या स्वतःच्या अंगावर. चूक झाली असती तर बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. तो शेवटी इथे आला, वारला तो डरहमच्या हॉस्पिटलमध्ये, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मी त्या रस्त्याने रोज ड्राइव्ह करते.

मागे राहिलेले हळूहळू परत नव्याकडे आले. दे ला सोताची ती शाळेची व्यायामशाळा आठव. वॉचमनने आपल्याला दहा मिनिटं दिली होती. छत पेलणाऱ्या कैच्या, म्हणजे लोखंडी जाळीच्या तुळया, खाली पोटासारख्या वळवल्या आणि त्यांच्या पोकळीत वर्ग बसवले. मुलं तुळईच्या आत बसून शिकतात. आणि शेवटी मेरिदाचं मोनेओचं संग्रहालय, विटांच्या कमानीमागे विटांची कमान. तू म्हणालास, “रोमन!” मी चौकशी केली आणि उजवीकडे लिहिलं: ‘वीट दिसते. आत काँक्रीट भरलेलं आहे.’

जानेवारीतल्या तुझ्या भाषणाचं नाव होतं ‘गाउदी ते आपण’. मी झूमवर होते, कॅमेरा बंद ठेवून. तू सगळी डावीकडची पानं दाखवलीस. फक्त डावीकडची. शेवटच्या स्लाइडवर हा छज्जा. तू म्हणालास, “स्पेनच्या या मंडळींनी आपल्याला वजन विसरायला शिकवलं.” टाळ्या. मग कोणीतरी विचारलं, “वहीच्या उजव्या बाजूला काय आहे?” तू हसून म्हणालास, “ती माझ्या बहिणीची पाढ्यांची वही!” सगळे हसले. आईही हसली, तिचा आवाज मला ओळखू आला.

त्यांच्यातला एकही वजन विसरला नव्हता, दादा. तू जे शिकलास असं सांगतोस, ते त्या सोळा दिवसांत कुठेही नव्हतं. ते तू वही उभी फाडल्यावर तयार झालं.

सोमवार, २९ सप्टेंबर

काल इथे थांबले. मार्चचं लिहायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, टाळलं होतं.

मोरेश्वरकाकांना मी खोटं सांगितलं. मार्चमधलं बोलणं दुसऱ्या विषयावर नव्हतं. तारीख १६, रविवार, दुपार. तू गाडीत होतास, मागे इला काहीतरी गात होती. तू म्हणालास, “आशू, ऐक ना, छज्जा थोडा पुढे घेतोय, आणि मागचे रॉड काढतोय, दारात येतायत. चालेल ना?”

मी विचारलं नाही की थोडा म्हणजे किती. ‘नाही’ म्हटलं नाही. ‘ड्रॉइंग पाठव’ म्हटलं नाही. ज्या माणसाने चार वर्षं पी. ई.च्या परवान्याच्या परीक्षेसाठी अभ्यास केला आहे, त्याला हे शब्द झोपेतही आले असते.   मी एवढंच म्हटलं, “बघ तुझं तू.”

तू म्हणालास, “सही! थँक्स!” आणि फोन ठेवलास.

तू त्याचा अर्थ काय लावलास ते मला त्याच क्षणी कळलं होतं. आपल्या घरात बाबांनी कधी कशालाच ‘हो’ म्हटलं नाही. ट्रिपला जाऊ का? आर्किटेक्चर घेऊ का? ते पेपरचं पान उलटायचे. पान उलटलं आणि ओरडले नाहीत, की परवानगी मिळाली असं आपण धरायचो. तू मला बाबांसारखं वाचलंस, आणि मी तुला तसं वाचू दिलं. मला वाटलं होतं, पाढेच आहेत ना, मग कर तुझं तू. तू चुकावंस असं मला वाटलं होतं का? मी सहा महिने या प्रश्नाला बगल देते आहे. उत्तर असं आहे की तू चुकशील, मग मला विचारशील, आणि मग मी सांगेन, असं मला वाटलं होतं. काँक्रीट ओतलं जाईपर्यंत तू विचारलं नाहीस. मीही परत फोन केला नाही.

म्हणून फोन नाही. फोनवरचं आपण दोघंही आपल्याला हवं तसं ऐकतो.

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी तिकडच्या शहराच्या बांधकाम तपासणी ऑफिसला ईमेल पाठवला आहे. प्रत हॉलच्या परमिटवर सही करणाऱ्या इंजिनियरला, प्रत मोरेश्वरकाकांना, प्रत तुला. त्यात दोन्ही ड्रॉइंग आहेत, फोटो आहे, माझा हिशेब आहे. आणि एक परिच्छेद असा आहे की १६ मार्चला मला या बदलाची तोंडी कल्पना दिली गेली होती आणि मी हरकत घेतली नाही. ते वाक्य मी चार वेळा खोडलं आणि पाच वेळा लिहिलं. त्या इंजिनियरने साडेअकराला फोन केला. बदललेला कागद त्याच्याकडे गेलाच नव्हता. “आय नेव्हर सॉ धिस,” एवढंच तीनदा म्हणाला. तो उद्या जागेवर येतो आहे.

माझ्या लायसन्सचं काय करायचं ते इथलं बोर्ड ठरवेल. तुझ्या लायसन्सला तर वर्षही झालेलं नाही. तुला राग येईल. वहिनी म्हणतील, एक फोन करून गुपचूप सांगता आलं असतं. आलं असतं. मग तू काकांना समजावलं असतंस, काका म्हणाले असते पत्रिका छापल्या गेल्या आहेत, आणि बुधवारी चार माणसांनी टेकू काढले असते. आई नारळ घेऊन नेमकी त्या कडेखाली उभी राहिली असती. गुडघा दुखत असताना ती पटकन मागे सरकूही शकत नाही.

मला तुझा राग आला आहे, तो या पत्राने गेलेला नाही. बाबांच्या वर्षश्राद्धाला आपण एका खोलीत असू तेव्हा तो बरोबर असेल. माझा स्वतःवरचाही असेल. दोन्ही वेगळे मोजावेत.

पाकिटात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वहीच्या उजवीकडच्या पानांच्या प्रती. २०१४ मध्येच मी माझ्यासाठी काढून ठेवल्या होत्या. तुझ्या स्लाइडच्या शेजारी लाव किंवा लावू नकोस, पण वाच. दुसरं, चौकटीचा एक नवा जोडकागद. उजवी बाजू मी भरली आहे: मागे सळया परत आल्या, खांबांभोवती काँक्रीटचं जाकीट घातलं आणि कड कापली, तर किती फूट राहतात. अठ्ठावीस राहत नाहीत. माझ्या हिशेबाने बावीस राहतात, त्या इंजिनियरने तपासल्यावर कदाचित वीस. ढोलपथकाची पुढची रांग उन्हात येईल. सळया दारात येतात, तर दारं हलवावी लागतील. ती कुठे, ते मला जमत नाही. डावी बाजू कोरी आहे.

इलाला सांग, लेझीम हॉलच्या आतही छान घुमतं. तिला माझ्यावर चिडायचं असेल तर माझा नंबर दे.

आणि मार्चमधल्या प्रश्नाचं उत्तर. उशिरा देते आहे, पण लिहून देते आहे, म्हणजे कोणाला पान उलटल्याचा आवाज ऐकून काही धरून चालावं लागणार नाही:

नाही, दादा. चालणार नाही.

टेकू राहू देत.

आशू