पळीभर पाणी

गाझियाबाद, कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप तात्याकाकांस बाळचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता सबंध जिना चढू देतो, की अजून चौथ्या पायरीवर थांबवतो, हे कळवावे.

बंदरात पाणबुड्या म्हणून नोकरी करताना वापरलेले घड्याळ दुरुस्तीसाठी पाठवताना आपण लिहिले होते, "मला वेळ कळली म्हणजे झाले." येथील कारागिराने ते चालू केले. तेथपर्यंत सर्व नियमानुसार होते. मग चाचणीपुरते (सात दिवस, अधिक नाही) मी ते मनगटावर बांधले, आणि कार्यालयातील विक्रांतच्या दृष्टीस पडले. तो पाणबुड्यांची अशी जुनी घड्याळे जमवतो. त्याच्याकडे तेवीस आहेत. पोहता येत नाही. "सर, इसे बिल्कुल साफ मत करवाना," तो म्हणाला. तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्याचा विटलेला रंग, हीच म्हणे त्याची शोभा. आमच्या घरी त्यास मळ म्हणतात. दोन्ही मतांचा मी विचार केला, निर्णय होईना.

तो वृंदाने केला. खंडेनवमीला तिने घड्याळ चिंचेने लख्ख घासून ताम्हनात ठेवले. मी हरकत घेतली. "अहो, काकांचं हत्यारच ना ते? मग पूजा नको?" या युक्तिवादातील दोष मला अद्याप सापडलेला नाही. तबकडीवर 'दोनशे मीटर' छापलेले असल्याने तिने वर सोडलेल्या पळीभर पाण्याची मी चिंता केली नाही. काच आतून धुकटली. विक्रांत दोन दिवस माझ्याशी सुतकातल्यासारखा बोलला.

आता ते दिवसाला अकरा मिनिटे मागे पडते. म्हणून उजव्या मनगटावर माझे अचूक घड्याळ बांधतो. वेळ उजवीकडे पाहतो, आणि उगाच डावीकडे पाहत बसतो. (वाणिज्य शाखेने प्रत्येक वस्तूचा उपयोग विचारायला शिकवले होते.) वरणाचा कुकर लावला की कडे फिरवून खूण काट्यासमोर आणतो. आपण पाण्याखाली याच कड्यावर उरलेली हवा मोजली असेल, हे मनात येते आणि शिट्ट्या मोजायच्या राहतात. हे मला काय झाले आहे, ते कळत नाही.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. वृंदाचा नमस्कार. कारागीर म्हणतो, काच उघडून सुकवता येईल. मीच अजून नेलेले नाही.

ता. क. २. शेजारचे विलासराव शुक्रवारी पुण्यास येत आहेत. त्यांच्याबरोबर डबी पाठवत आहे. आत माझे घड्याळ आहे. वेळ अचूक कळते. आपले पत्र मी पुन्हा वाचून पाहिले. आपण तेवढेच मागितले होते.