शनिवारपर्यंत पोटात ठेवलेली बातमी

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी हॉटेलच्या धुलाईखान्यात इस्त्री, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवते की, माझ्या पश्चात खालीलप्रमाणे करावे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. म्हातारीला चळ लागला होता असे म्हणणारे निघतीलच, आणि ते सगळे आपल्या मंडळातले असतील.

१. माझे राहते घर, दोन खोल्या व मागचे अंगण, मायदेशी असलेल्या माझ्या भाचीला द्यावे. इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाला हे घर कार्यालयासाठी मिळणार, अशी समजूत मी आठ वर्षे मुद्दाम होऊ दिली. त्या आशेवर कार्यवाहांच्या बायकोने दर रविवारी डबा आणला. मीठ नेहमी कमी. एकदा तर माझ्यादेखत दोघांनी टेप लावून पुढची खोली मोजली. मंडळाचा या घरावर कसलाही हक्क नाही.

२. माझी चार मोठी पातेली मंडळाला द्यावीत. देण्याआधी प्रत्येकाच्या तळाला भोक पाडावे.

३. बावीस वर्षे सणाचे गोड दोनशे माणसांसाठी मीच केले. त्याचे प्रमाण मागून मागून बायका थकल्या. ते सोबतच्या वहीत लिहिले आहे, पैकी एक आकडा जाणूनबुजून चुकीचा आहे. कोणता, ते त्यांनी दरवर्षी शोधावे.

४. एवढा आकस कशाला, असे भाची विचारील. आपला सण इथे तिथीला होत नाही, हॉल मिळेल त्या शनिवारी होतो. अठरा वर्षांपूर्वी माझा फोन बंद होता, म्हणून भावाने गुरुवारी सकाळी कार्यवाहांना कळवले: आई गेली, ताईला आजच्या विमानात बसवा, उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. कार्यवाहांनी ते पोटात ठेवले. शुक्रवारभर मी रवा भाजत होते, शनिवारी वाढत होते. शेवटची पंगत उठल्यावर मला सांगितले.

"गुरुवारपासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"मावशी, आधी सांगितलं असतं तर तुमचा हात चालला असता का? दोनशे माणसं जेवायची होती. आणि गेलेलं माणूस काय परत येतं?"

भावाने वाट पाहून शुक्रवारीच सगळे उरकले होते. आईचे तोंड मला दिसले नाही. कार्यवाह मात्र उरलेले गोड घरी घेऊन गेले.

५. माझे जे काय करायचे ते मरणाच्या दुसऱ्याच दिवशी करावे. सगळ्यांच्या सोयीचा शनिवार पाहू नये. ज्याला यायचे त्याने रजा काढून यावे, नाहीतर घरी बसावे. शोकसभा घेऊ नये, आणि घेतलीच तर कार्यवाहांना बोलू देऊ नये. ते रडतात फार छान.

६. हे कलम गाळा, असे वकील म्हणाले. मी गाळत नाही. त्या गुरुवारी दुपारी मी पातेली पोचवायला हॉलवर गेले, तेव्हा कार्यवाह आणि त्यांची बायको बोलता बोलता गप्प झाले. तिने माझ्या हातातले ओझे घेतले. जन्मात कधी घेतले नव्हते. आई महिनाभर अंथरुणाला खिळलेली, मला दुसरे काय कळायला हवे होते? मी विचारले नाही. विचारले असते तर जावे लागले असते, आणि त्या वर्षीचे गोड दुसऱ्या कुठल्या तरी बाईने केले असते. लोकांनी तिचे कौतुक केले असते. ते मला सोसले नसते. कार्यवाह दोषी आहेतच. पण विमान संध्याकाळी सातचे होते आणि मी दोन वाजता ओळखले होते.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: सणाची खरी तिथी, वार गुरुवार.
लिहून ठेवणारी: सही.

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. आपली भाषा येत नाही.
साक्षीदार दुसरे: मंडळाचे कार्यवाह. न वाचता सही केली, कारण हॉलची चावी आणायची घाई होती.